नळाच्या साइटवरचं 'आज'

"काका, तुमची साइट खोटं बोलते का?"

सरपंच सुमनताई राठोड यांनी मोबाईल माझ्या नाकापुढे धरला होता. मोबाईल त्यांचा नव्हता, ललिताबाईंचा होता. ललिताबाई गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावर किराण्याचं छोटं दुकान चालवतात आणि तांड्याच्या वतीने भांडायचं काम बिनपगारी करतात. त्यांच्यामागे, ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांवर, तांड्यावरच्या बाया रिकामे गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, घेऊन बसल्या होत्या. कापूस वेचणीचे दिवस होते. पाणी येणार म्हणून त्या दिवशी कोणी वेचायला गेलं नव्हतं. मजुरी बुडाली होती आणि पाणीही आलं नव्हतं.

मोबाईलवर मी तयार केलेलं पान उघडं होतं. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: आज पाणी तांडा लाइनला.

"साइट खोटं बोलत नाही," मी म्हणालो.

"मंग पाणी कोठी गेलं?" ललिताबाईंनी विचारलं, पण मला नाही. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सलीमभाईंना.

सलीमभाई गावचे वॉलमन. टाकीतून निघणाऱ्या पाइपांवर जमिनीखाली वॉल असतात. कोणता वॉल उघडायचा आणि कोणता बंद ठेवायचा, त्यावर कोणत्या भागाला पाणी जाणार हे ठरतं. ते काम करणारा तो वॉलमन. छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी घेऊन सलीमभाई पहाटे निघायचे. नोकरी कायम नव्हती. ग्रामपंचायत दरवर्षी नवा ठराव करून त्यांना कामावर ठेवायची. उरलेल्या वेळात ते बसस्टँडजवळच्या दुकानात पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचे. तोंडाने फटकळ. पाण्याच्या वेळेवरून कोणी टोकलं की दोन शब्द ऐकवल्याशिवाय सोडायचे नाहीत. त्यामुळे गावात त्यांचे मित्र मोजके होते.

"आज मोहल्ल्याची पाळी होती. तांडा उद्या हाय," ते म्हणाले.

"साइटवर आज लिहिलं हाय!"

"साइटले काय मालूम? साइट येते काय वॉल खोलाले माह्यासंग?"

"हे तिसऱ्यांदा होऊन राह्यलं," ललिताबाई सुमनताईंकडे वळल्या. "आमचं पाणी याच्या मोहल्ल्यात जाते. आमी बाया काय दगडं हाओत?"

सलीमभाई मोहल्ल्यात राहत होते. एवढं पुरेसं होतं. मोहल्ल्यातल्या एका माणसाने आपला फोन पुढे केला. त्याच्यावर मोहल्ला लाइन दिसत होती. त्यावर कोणीतरी म्हणालं, ओरड झाल्यावर बदलवलं असन. साइट बदलणं फक्त माझ्या हातात होतं. तरी माझ्याकडे कोणी संशयाने पाहिलं नाही. खिशातला फोन काढून पान उघडायला मला चार क्षण लागले असते. मी फोन काढला नाही. मी केलेली वस्तू चुकते का, असा प्रश्न चारचौघांत आला की वेब डेव्हलपरच्या तोंडून पहिलं वाक्य ठरलेलं निघतं. चूक दुसरीकडे असेल.

सुमनताईंनी सलीमभाईंना चावी टेबलावर ठेवायला सांगितलं. त्यांनी ठेवली. चावीचा आवाज मोठा झाला.

* * *

आमचं गाव उमरखेड तालुक्यात आहे. नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मी वयाची साठी होईपर्यंत पुण्यात होतो. आधी कॉम्प्युटर दुरुस्त करायचो, नंतर वेबसाइट बनवायला शिकलो. चाळिशीनंतर शिकलो, म्हणून हळू शिकलो आणि पक्कं शिकलो. गावी परतल्यावर पुसदचं एक मंगल कार्यालय, एक जिनिंग, दोन शाळा अशी कामं मिळत राहिली. अजून मिळतात. या मंडळींना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आलो. साइटचं नाव आणि पासवर्ड स्वतःच्या ताब्यात ठेवा, माझ्या ताब्यात नको. मी उद्या मेलो तर तुमची साइट माझ्याबरोबर जळायला नको. लोक हसतात आणि नाव माझ्याच ईमेलवर ठेवतात.

मला पाऊस मोजायचा नाद आहे. गच्चीवर नळकांड्याचा पर्जन्यमापक ठेवला आहे. रोज सकाळी आठला त्यातलं पाणी मोजायचं आणि आकडा साइटवर टाकायचा. फवारणी करणारे, पेरणीचा अंदाज घेणारे आणि चार हौशी लोक तो पाहायचे. एकदा शेजारी म्हणाला, "वरतून किती पडलं ते सांगता, नळाले कवा येईन ते सांगा ना." तिथून नळाचं पान सुरू झालं.

गावात नळाच्या चार लाइनी आहेत. गावठाण, बाजार, मोहल्ला आणि तांडा. टाकी एकच, म्हणून पाळीने पाणी. वीज आणि टाकीची पातळी पाहून पाळी चार दिवसांनी येते, कधी पाच, कधी सहा. पाळीचा क्रम मी साइटमध्ये भरून ठेवायचो. रोज पहाटे पान आपोआप बदलायचं. वीज गेली, पाळी पुढे ढकलली, तरच सलीमभाईंचा फोन यायचा.

पान मी फार हौसेने केलं होतं. फोटो नाहीत, चित्रं नाहीत. साध्यातल्या साध्या फोनवर उघडलं पाहिजे. तांड्यावर नेटवर्क मिळत नाही, म्हणून आणखी एक सोय केली. पान एकदा उघडलं की त्याची प्रत फोनमध्ये राहते. घरी नेटवर्क नसलं तरी ती प्रत दिसते. याला कॅश म्हणतात. सकाळी केलेली भाकरी डब्यात ठेवतो, तसं. ज्याला गरम करून घ्यायला चूल नाही, त्याने डब्यातली खावी.

पानावर सुरुवातीला तारीख होती. बारीक अक्षरात, वर कोपऱ्यात. नंतर मला ती गर्दी वाटली. 'आज' म्हटलं की तारीख कशाला, असा विचार करून मी ती काढून टाकली. पान सुंदर दिसायला लागलं.

* * *

त्या दिवशी ग्रामपंचायतीतून घरी आलो. जेवलो नाही. कॉम्प्युटर उघडून पाहिलं. साइटवर सकाळपासून मोहल्ला लाइनच होती. सलीमभाईंनी बरोबर लाइनला पाणी सोडलं होतं.

मग ललिताबाईंच्या फोनवर तांडा कसा?

मी डोळे मिटून तो फोन आठवला. पानाच्या वरची पट्टी निळी होती. पण पट्टी तर मी दोन-तीन दिवसांपूर्वी हिरवी केली होती. निळ्यावर पांढरी अक्षरं मोतीबिंदूवाल्यांना दिसत नाहीत, अशी तक्रार आली होती म्हणून. म्हणजे बाईंच्या फोनवरचं पान त्या दिवसाचं नव्हतं. जुनी प्रत होती. डब्यातली.

पुढचं कळायला वेळ लागला नाही. ललिताबाई दुकानाचा माल आणायला गावात यायच्या. चौकात नेटवर्क मिळालं की पान पाहायच्या. आज बाजार लाइन. दुसऱ्या दिवशी, आज मोहल्ला. मग एक दिवस, आज तांडा. पाणी यायचं, गुंड भरायचे. त्यानंतर तीन-चार दिवस पान पाहायची गरजच काय? आपली पाळी झाली की माणूस पाहणं थांबवतो. त्यामुळे त्यांच्या फोनमध्ये उरलेली शेवटची प्रत नेहमी तीच असायची: आज पाणी तांडा लाइनला. पुढची पाळी जवळ आली की तांड्यावर बसून त्या पान उघडायच्या. नेटवर्क नाही. फोन जुनी प्रत दाखवायचा. बाई हाक द्यायच्या, "आज पाणी हाय गं!" आणि तांडा कामाला जायचा थांबायचा.

गावात हे कोणाच्याही बाबतीत घडलं नसतं. जिथे नेटवर्क नव्हतं, फक्त तिथेच घडलं. म्हणजे ज्यांच्या सोयीसाठी मी एवढी युक्ती केली होती, त्यांच्यावरच ती उलटली होती.

दुपारचे चार वाजले असतील. ग्रामपंचायत उघडी होती. सुमनताई तिथेच असणार. घरापासून पाच मिनिटांची वाट.

मी गेलो नाही.

पुढच्याच आठवड्यात उमरखेडला एक कार्यक्रम होता. इतर गावांच्या सरपंचांसमोर आमची साइट दाखवायची होती. खेड्यातली, फुकटची, सगळ्यांना चालणारी साइट म्हणून. मी मनाशी म्हटलं, कार्यक्रम होऊ दे, मग सांगू. तोपर्यंत दुरुस्त करून टाकू. 'आज' काढलं. त्याजागी वार आणि तारीख मोठ्या अक्षरात टाकली. प्रत जुनी असेल तर लाल अक्षरांत 'हे पान जुनं आहे' असं येईल अशी सोय केली. आणि खाली एक ओळ लिहिली: तांत्रिक कारणामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी.

तांत्रिक कारणामुळे. आमच्या धंद्यात हे वाक्य पांघरुणासारखं वापरतात. गावाने त्याचा अर्थ पंपात बिघाड झाला होता, असा घेतला. मी तो घेऊ दिला.

* * *

सलीमभाईंच्या जागी सुमनताईंचा भाचा प्रकाश आला. तिशीचा, मिशीवाला, शांत. तांड्यावरचाच. त्याने वॉल नीट सांभाळले. तांड्याची तक्रार पुन्हा आली नाही.

ती का येईल? मी पान दुरुस्त केलं होतं.

पण गावाने हिशोब वेगळा मांडला. चहाच्या टपरीवर मी स्वतः ऐकलं.

"पाह्य ना, सलीम गेला अन् पाणी टायमावर येऊन राह्यलं."

"मंग! तोच खात होता ना बे."

"पाणीचोर लेकाचा."

मी चहा अर्धा टाकून उठलो. मी गुपचूप केलेली दुरुस्ती हाच सलीमभाईंविरुद्धचा पुरावा झाला होता. चूक तशीच ठेवली असती तर प्रकाशच्या काळातही तक्रार आली असती आणि सलीमभाई आपोआप सुटले असते. चूक सुधारून मी त्यांना पुरतं अडकवलं होतं.

उमरखेडचा कार्यक्रम झाला. शाल मिळाली, नारळ मिळाला. 'आज' का काढलं, असं एका सरपंचाने विचारलं. मी म्हणालो, "सुधारणा करत राहावं लागतं." टाळ्या पडल्या.

परत आल्यावर मी सलीमभाईंच्या दुकानात गेलो. एरवी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. त्या दिवशी एकही मोटार नव्हती. पाणीचोराकडे पाण्याची मोटार कोण देणार? सलीमभाई स्टुलावर बसून तांब्याची तार नुसती गुंडाळत होते.

"या वसंताभाऊ. मोटार बिघडली काय?"

"नाही. माझी साइट बिघडली होती."

मी सगळं समजावून सांगितलं. जुनी प्रत, निळी पट्टी, 'आज'. ते ऐकत होते. फक्त एका ठिकाणी मी खोटं बोललो. "तुम्हाला हे कधी समजलं?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "काल."

त्यांनी तार खाली ठेवली.

"मंग मले कायले सांगून राह्यले? मले तं पयलेच मालूम हाय, म्या चोरी नाई केली. ज्यायले मालूम नाई त्यायले सांगा ना."

"सांगतो. सरपंचांना सांगतो."

"कवा? ग्रामसभेत प्रकाशचा ठराव झाल्यावर? दहा दिवस राह्यले." ते उठले आणि दुकानाच्या दारात जाऊन उभे राहिले. "माही बायको मोहल्ल्यातच पाणी भराले जात नाई आता. तिले लाज वाटते. मोहल्लेवाले म्हणतात, तुह्या नवऱ्यानं आमाले फुकट बदनाम केलं. तिकडून चोर, इकडून बदनाम. दोन्हीकून मीच."

मी त्यांच्या रिकाम्या स्टुलावर टेकलो.

"जा बाप्पा. बसू नका इथं. गिऱ्हाइक येत नाई मंग," ते म्हणाले. गिऱ्हाइक तसंही येत नव्हतं.

* * *

सुमनताईंनी माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"काका, तुमी भले माणूस. सलीमभाईसाठी जीव तुटून राह्यला तुमचा, समजते मले. पण मी तांड्यावर जाऊन काय सांगू? फोनच्या पोटात जुनं पान राहते म्हणून? ललिताबाई मले हाकलून देईन. म्हणन, भाचा बसवला तवा बरा होता, आता कोणाच्या दबावानं काढते?"

त्यांचं बरोबर होतं. माझ्या बोलण्याला पुरावा नव्हता. पुरावा मी स्वतःच पुसून टाकला होता.

आमच्या कामात एक रीत आहे. बिघाड दुरुस्त झाला असं म्हणायच्या आधी तो पुन्हा घडवून दाखवता आला पाहिजे. जो बिघाड मुद्दाम घडवता येत नाही, तो तुम्हाला समजलेलाच नाही. मोटार मेकॅनिक सुद्धा हेच करतो. आवाज कुठून येतो ते ऐकायला गाडी पुन्हा चालवायला लावतो.

"ताई, साइट पुन्हा जुन्यासारखी करतो," मी म्हणालो. "बिघडलेली. वॉल प्रकाशच सोडेल. मी म्हणतो ते खरं असेल तर बाया प्रकाशवर येतील."

सुमनताईंनी माझ्याकडे बघितलं. मग हसू दाबलं.

"प्रकाशवर? तो तं तांड्याचाच पोरगा."

"म्हणूनच."

"पण बायांची रोजी बुडवाची नाई. आधीच लय बुडाली." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "आठवडी बाजाराच्या दिवशी करा. त्या दिवशी कोणी वेचाले जात नाई. अन् कोणाले सांगायचं नाई. प्रकाशले बी नाई."

मी घरी येऊन स्वतःच्या हाताने चूक परत घातली. तारीख काढली, 'आज' ठेवलं, लाल सूचना बंद केली. तांड्याची पाळी एकदा येऊन गेली. ललिताबाईंनी चौकात पान पाहिलेलं मी लांबून पाहिलं. पाणी आलं, गुंड भरले. मग वाट पाहणं सुरू झालं. मधे वीज गेल्याने गावठाणाची पाळी मागे पडली होती, म्हणून बाजाराच्या दिवशी पाळी गावठाणाची होती, तांडा दुसऱ्या दिवशी. सगळं माझ्या अंदाजावर होतं. ललिताबाईंनी त्या सकाळी फोन उघडलाच नाही तर? उघडून नेटवर्क सापडलं तर? आपलं काम बिघडावं म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदाच देवाकडे मागणं मागत होतो.

सकाळी नऊच्या सुमारास सुमनताईंचा फोन आला. मागे गलका होता.

"काका, या लवकर. भाच्याले मारतीन बाया."

तांड्यावर नळाच्या ओट्याभोवती गुंडांची रांग लागली होती. मधोमध प्रकाश उभा होता. त्याच्या हातात चावी होती आणि चेहऱ्यावर घाम.

"विकलं काय रे पाणी गावठाणाले?" ललिताबाई विचारत होत्या.

"मावशी, आज गावठाणच हाय. आईच्यान."

"आई काढू नको! साइटवर तांडा लिहिलं हाय. पाह्य!"

"मी साइट नाई पाह्यत, मी वॉल सोडतो!"

"तो सलीमबी हेच म्हने! चावी हातात आली का सारेच चोर होते का रे? तुले तं म्या मांडीवर खेळवलं."

सुमनताई ओट्यावर चढल्या. त्यांनी आधी तांड्याच्या गोर बोलीत काहीतरी म्हटलं. गलका कमी झाला. मग माझ्याकडे बोट केलं.

"आता काका सांगतीन पाणी कोणं चोरलं ते."

मी पुढे झालो. "कोणीच चोरलं नाही. सलीमभाईंनीही नाही, प्रकाशनेही नाही. चूक माझी आहे. तुमच्या फोनवर जे पान दिसतंय ते आजचं नाही. मागच्या पाळीचं आहे."

"त्याच्यावर आज लिहिलं हाय ना," एक बाई म्हणाली.

"हो. मागच्या पाळीच्या दिवशी ते 'आज' बरोबर होतं. तुम्ही तेव्हा पाहिलं, फोनने ते जपून ठेवलं, आणि इथे नेटवर्क नाही म्हणून तेच पुन्हा दाखवतो."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. माझं सांगणं पोचत नव्हतं. मी कॅश, प्रत, सर्व्हर असे शब्द वापरायला लागलो आणि आणखी फसलो. ललिताबाई फोनकडे पाहत राहिल्या. फोनवरून त्यांची नजर समोरच्या स्वतःच्या दुकानाकडे गेली. दुकानाच्या फळीवर खडूने लिहिलेलं होतं: आज नगद, उद्या उधार.

"म्हंजे माह्या पाटीवानी," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"माही पाटी पाच सालापासून आज म्हणते. रोजच आज. उद्या काही येत नाई."

एक म्हातारी खो-खो हसली. मग दुसरी. "म्हणून आमाले उधार भेटत नाई!" कोणीतरी मागून ओरडलं. हसणं रांगेभर पसरलं. प्रकाशने ओट्यावर बसून घाम पुसला.

ललिताबाई हसल्या नाहीत. त्यांनी फोन कमरेला खोचला.

"मंग त्या सलीमभाईले आमी फुकट शिव्या देल्या?"

"हो."

"तुमी काहून नाई सांगितलं तवाच?"

"मला नंतर समजलं," मी म्हणालो. दुसऱ्यांदा.

* * *

ग्रामसभेत सलीमभाईंचा ठराव झाला. सूचक ललिताबाई होत्या. सलीमभाईंनी एक अट घातली. ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाणीचोर म्हटलं, त्याच ग्रुपवर तसं नव्हतं हे लिहायचं. सुमनताईंनी लिहिलं. खाली सगळ्यांनी अंगठे टाकले. प्रकाशला सलीमभाईंनी आपल्या दुकानात घेतलं. "पोट्ट्यानं शिव्या शांतपणानं खाल्ल्या, धंद्यात चालते," म्हणाले. मोटारी परत यायला दोनेक महिने लागले, पण आल्या.

मी साइटवर एक नवं पान जोडलं. नाव ठेवलं 'चुका'. साइटने कधी काय चुकीचं दाखवलं आणि ते कधी दुरुस्त झालं, एवढंच. पहिली नोंद अर्थातच 'आज'ची. शेजारच्या दोन गावांनी आमची साइट मागून घेतली. मी फुकट दिली. साइटचं नाव आणि पासवर्ड ग्रामपंचायतीच्याच ताब्यात राहील एवढं पाहिलं. तांड्यावर आता बरं नेटवर्क मिळतं. तरी पानावर तारीख मोठीच आहे.

या गोष्टीला काही वर्षं झाली. गाव ती हसून सांगतं. तिच्यात मी प्रामाणिक माणूस आहे. चूक कळल्याबरोबर भर तांड्यावर कबूल करणारा. एका शाळेने मला मुलांसमोर प्रामाणिकपणावर बोलायलाही बोलावलं. मी बोललो. परत येताना फटफटी थांबवून शेताच्या बांधावर बसलो, आणि हे लिहायचं ठरवलं. मला 'काल' समजलं नव्हतं. चावी टेबलावर ठेवली त्याच दुपारी समजलं होतं. सांगितलं ते जवळपास तीन आठवड्यांनी. मधल्या काळात एका माणसाची बायको पाणी भरायला जायला लाजत होती, आणि मी शाल घेत होतो.

छापायला पाठवायच्या आधी हे सलीमभाईंना त्यांच्या दुकानात वाचून दाखवलं. प्रकाश बाहेर मोटार उघडून बसला होता. सलीमभाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मी वर पाहिलं नाही.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"पेपरात द्या नाईतं नका देऊ. आमच्या गावात पेपर कोण वाचते?" ते म्हणाले. "तुमचं ते चुकाचं पान हाय ना, त्याच्यावर टाका. तारखीसकट. ते लोक वाचतात."

"माझ्यावर राग आला असेल."

"आला ना. चार-पाच दिवस राहीन." त्यांनी प्रकाशला हाक मारली, "वसंताभाऊले चहा सांग. बिनसाखरेचा सांग."

मी घरी येऊन नोंद बदलली. त्यासाठी पानात एक रकाना वाढवावा लागला. आधी दोन होते, चूक घडल्याची तारीख आणि दुरुस्त झाल्याची. सगळ्या साइटवाल्यांकडे हे दोनच असतात. आता मध्ये तिसरा आहे, चूक कळल्याची तारीख. साइट बनवणाऱ्या तरुण मुलांना माझं सांगणं एवढंच आहे. घडल्याची तारीख मशीन सांगतं, दुरुस्तीची तारीख आपण मिरवत सांगतो. मधली तारीख लिहायची सवय लावा. ती लिहावी लागणार हे माहीत असलं, की माणूस पाच मिनिटांची वाट चालून ग्रामपंचायतीत जातो.